‘काही करत नाही हो तो’

कुत्रा मोकळा सोडून फिरणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "काही करत नाही हो तो, फार प्रेमळ आहे." मोरजीच्या किनाऱ्यावर, मयेच्या तळ्याकाठी, हरवळेच्या धबधब्याकडे, सगळीकडे मी ते ऐकलंय. बहुतेक वेळा ते खरंही असतं. अडचण एवढीच की ते फक्त माणसांना सांगता येतं. वाळूत पुरलेल्या अंड्यांना कोण सांगणार?

आपल्या पेडणे तालुक्यात मोरजी आणि मांद्रे, तिकडे काणकोणात आगोंद आणि गालजीबाग, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. पुन्हा वळून बघत नाही. पुढचे पन्नासेक दिवस ती अंडी वनखात्याच्या आणि राखण करणाऱ्या गावकऱ्यांच्या भरवशावर. घरट्याभोवती खुंट्या ठोकून जाळी लावतात. जाळी बघून माणूस बाजूनं जातो, पण कुत्र्याच्या नाकाला ती दिसत नाही, आणि दीड फूट वाळू उकरणं हा तर त्याचा आवडता खेळ. त्यात प्रेमळपणाचा काही संबंधच नाही. पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे निघाली की तीही त्याला खेळणीच वाटतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, किनाऱ्यावर भटके कुत्रे इतके, मग आमच्याच कुत्र्याला पट्टा कशाला? मला हे उत्तर कधीच पटलं नाही. भटक्या कुत्र्याला आवरणारं कोणी नाही, तुमच्याला तुम्ही आहात. शिवाय मोकळा पाळीव कुत्रा दिसला की किनाऱ्यावरची टोळी भुंकत धावून येते. मग पळापळ होते, आणि ती जाळीच्या या बाजूला होईल की त्या, ते कोणाच्या हातात राहत नाही.

डिचोलीत प्रकार वेगळा. हरवळेला रुद्रेश्वराकडे दिवसकार्यासाठी कुटुंबं येतात, पायऱ्या ओल्या असतात. तिथे एखाद्या आजीच्या अंगावर कुत्र्यानं प्रेमानं उडी मारली तरी व्हायचं ते होतंच. (साखळी गावाच्या इतक्या जवळ, आणि साखळीच नाही!) सड्यावर गेलात तर टिटवीनं उघड्या जमिनीवरच अंडी घातलेली असतात, खड्यांच्या रंगाची. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते तेव्हा कुत्र्याला चेव येतो. चरायला सोडलेली गुरं उधळली तर राखणाऱ्याचा अख्खा दिवस त्यांच्यामागे जातो.

पट्ट्याचा खरा अर्थ मला कळला तो मात्र कड्याखाली. पुण्याला नोकरीत असताना आम्ही रविवारी प्रस्तरारोहणाला जायचो. चढणाऱ्याचा दोर खाली एकाच्या हातात असतो, त्याला बिले देणं म्हणतात. वरच्याचा पाय सुटला तर त्याला धरणारे ते दोनच हात. त्या वेळी मान वरून हलवायची नाही, दोरावरचा हात सोडायचा नाही. आता समजा, त्याचाच कुत्रा दुसऱ्या गटाच्या डब्यात तोंड घालतोय, किंवा शेळ्यांमागे सुटलाय. त्यानं काय करायचं? कुत्र्याला हाक मारायची, तरी लक्ष अर्धं होतं. म्हणून जुने लोक नवख्यांना स्पष्ट सांगायचे: बिले देणाऱ्याकडे कुत्रा नको, तिसरा माणूस असेल तरच आणा. चढाईच्या दोरावर कुत्र्यानं पाय दिलेलाही चालत नाही, आपणही देत नाही. वाळूचे कण दोरात शिरतात आणि तो आतून झिजतो.

आणखी एक प्रकार आपल्याकडचाच. पायथ्याच्या गावातला कुत्रा बिस्किटांच्या आशेनं मागे लागतो आणि गडावर चढतो. चढताना वाघ, उतरताना कातळाच्या टप्प्यावर थरथरत उभा. त्याला बिस्किट गावातच द्यावं, वर नेऊ नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत जिथे कुत्रा नेता येतो, तिथेही पट्टा सहा फुटांहून लांब चालत नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं 291 वं कलम आहे: पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण यात रक्षण माणसाचं. टिटवीनं तक्रार कुठे द्यायची?

सहा फुटांचा साधा पट्टा पुरतो. बटण दाबल्यावर लांबत जाणारा मात्र घेऊ नका, ऐनवेळी कुत्रा पंधरा फुटांवर असतो. गळ्याऐवजी छातीचा पट्टा बरा, ओढलं तरी गळा आवळत नाही. कड्याखाली बांधायचं तर सावलीत, पाण्याजवळ, आणि वरून दगड सुटला तर पोचणार नाही इतकं लांब. आपल्या दोराच्या खुंटीला तर कधीच नाही. विष्ठा पिशवीत भरून परत आणायची, झुडपाला पिशवी टांगून "येताना नेतो" म्हणणाऱ्यांच्या पिशव्या मी आठवड्यानंतरही तिथेच पाहिल्यात.

आणि भुंकणारा, चुळबुळ्या, लोकांना बिचकणारा कुत्रा असेल तर त्याला तिथे आणून काय मिळवायचं? आमचा शेरू चार तास एका झाडाला बांधून राहू शकत नाही. आम्ही चढाईला जातो त्या दिवशी तो आईबरोबर घरी असतो, आणि संध्याकाळी मी त्याला पट्टा लावून शेताच्या बांधावरून फिरवून आणतो.