रकाना

मी सरकारी इस्पितळात पॅथॉलॉजीच्या खात्यात स्लाइड बनवतो. मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, पापुद्रा कापायचा, रंगवायचा. हेच काम.

बाप गटारं उपसायचा. तुंबणं म्हणजे काय, ते मला पुस्तकानं शिकवलं नाही. काही पोरांचं मूत्रपिंड जिथं मूत्रनळीला मिळतं तिथंच वाट अरुंद असते. लघवी साचते, मूत्रपिंड फुगतं. काहींचं नुसतं लक्ष ठेवून निभतं. बाकीच्यांचा तेवढा तुकडा कापून सर्जन नळी पुन्हा जोडतात. अँडरसन आणि हाइन्स यांची ही १९४९ सालची रीत. शंभरातल्या नव्वदांहून जास्त पोरांची वाट मोकळी होते.

पण वाट मोकळी होणं निराळं अन् मूत्रपिंड वाचणं निराळं. कापलेल्या नळीत स्नायू जाडावलेला, तंतू माजलेले दिसतात. ते फेकून देता येतं. कधी मूत्रपिंडाचाही कणभर तुकडा येतो. त्यात गाळण्या वाळलेल्या, नलिका सुकलेल्या, जागोजाग वण. ते कुठलाच सर्जन परत आणत नाही.

हा फुगवटा पोर पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसू शकतो. ज्या मायला सोनोग्राफी मिळते तिचं पोर वेळेत सापडतं. आमच्या वस्तीतली माय रोज बुडवून येते ती पोर तापानं फणफणल्यावर. तोवर पोटदुखी जंतांवर ढकललेली.

रंगवल्यावर समद्यांचं मांस सारखंच, गुलाबी-निळं. काचेवर नंबर असतो. जात दिसत नाही, उशीर दिसतो. तो उशीर कुणामुळं झाला, हे लिहायला रिपोर्टात रकाना नाही. म्हणून इथं लिहिलं.