लिलावातला भोपळा

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र ही खरं तर मदतीची पोच आहे. तो कैदेत होता. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला काही पाठवलं होतं आणि पत्र संपत आलं तेव्हा त्याला आभार मानायची आठवण झाली. मानतानाही गडी अवघडलाच. मिळालं याचा आनंद आहे, पण नसतं मिळालं तरी माझं अडलं नसतं, अशा थाटाचं काहीतरी सांगतो आणि त्याच ओघात बोलून जातो, की टंचाईत कसं राहावं आणि भरपूर असताना कसं राहावं, दोन्ही आपण शिकलो आहोत. म्हणजे समाधान त्याच्याकडे उपजत नव्हतं. टंचाईचे धडे आमच्या आज्यांना पाठ होते. भरपूर असताना कसं राहावं, याची शिकवणी मात्र कुठे लागत नाही. आमच्या फ्रिजमध्ये जागा नाही, फ्रिजवरही नाही, तरी दिवाळीच्या सवलतींत घरातले सगळे मोठ्या फ्रिजच्या किमती बघत असतात.

पण समाधानावरचं प्रवचन मला दुसऱ्याला ऐकवावंसं वाटत नाही. नगर जिल्ह्यातले कितीतरी लोक दुष्काळाच्या वर्षांत ख्रिस्ती मंडळीत आले, आणि त्यातले बहुतेक गावकुसाबाहेरचे. ‘आहे त्यात सुख माना’ हे गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलंच होतं. तेच पुन्हा ऐकायला त्यांनी नवा देव कशाला धरला असता? त्यांना शाळा हवी होती, एका पंगतीत पान हवं होतं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितलीच आहे. फक्त आजच्यापुरती. कणगीभर नाही.

अशा आजच्यापुरत्या जगण्याची एक गोष्ट कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. त्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. व्यासपीठावरून सांगायला ही गोष्ट छान आहे. मी मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र उघडते तेव्हा माझा जीव बाईंपाशी अडकतो. द्यायचं वेड टिळकांचं. उरलेल्यात घर चालवायचं बाईंनी. त्यात पाहुणे, पोरकी मुलं, कधी पोरसवदा बालकवी. पगार सोडणाऱ्याचं नाव होतं, पीठ किती उरलं हे डब्यात हात घालणाऱ्या बाईलाच ठाऊक. लक्ष्मीबाई कुरकुरतात, भांडतात, आणि ते सगळं आपल्याला सांगताना हसतात. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षं दूर राहिल्या होत्या. पुढे परत आल्या, १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने. म्हणून त्यांचं हसू मला नशिबाला शरण गेलेल्या बाईचं वाटत नाही. आपण कुणाच्या भरवशावर आहोत, हे त्यांनी एकदा ठरवून टाकलंय. मग तेलाच्या बुधलीवरून भांडायला त्या मोकळ्या आहेत.

असा मोकळेपणा आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला बघायला मिळतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, ऊस, अंडी, भोपळे आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी. भर प्रार्थनेत ती ओरडते, पाळकसाहेब आवाज चढवतात. उपासना संपली की अंगणात लिलाव. एरवी मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी भाजीवालीला घाम फोडणाऱ्या काकू इथे आपल्याच बोलीवर बोली चढवतात आणि काका नुसते खिसा चाचपत बसतात. तासाभरापुरता बाजार उलटा फिरतो. कुणी दुपटीने भोपळा घेतो, ‘पुन्हा लावा’ म्हणून टेबलावर परत ठेवतो. दुसरा घेतो, तोही ठेवतो. तिसऱ्याच्या घरी एकदाचे घारगे होतात. खजिनदार वहीत एकच भोपळा तीनदा लिहितात, आणि हिशेब तपासणारे पंच त्यावर दर वर्षी हरकत घेतात.