पाटीवरचं नाव

हॉटेलाच्या पाटीवर मालकाचं आडनाव असावं की देवाचं, हा प्रश्न आमच्याकडच्या रस्त्यांनी कधीच निकालात काढलाय. हिंगोलीहून गोरेगावकडे यायला निघा. साई, जगदंब, तुळजाई, मधेच एखादे पाटील नाही तर देशमुख. मटणाच्या खानावळीवर बौद्ध वस्तीतल्या माणसाचं आडनाव सापडायला मात्र लांबचा प्रवास करावा लागतो. आमची पोरं धंदा करत नाहीत असं नाही. पण पाटीवर देव बसवतात, कारण देवाला कुणी जात विचारत नाही.

शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी ‘सत्यसुधारक हॉटेल’ अशी पाटी लावली, तेव्हा त्यांनी केवढं धाडस केलं हे त्यामुळे मला जास्त कळतं. दरबारच्या पागेत नोकरीला असताना हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं होतं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान निघालं. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, दुकानासमोर थांबू लागला. महाराज मोठ्यानं चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. राजानं पाजलेल्या चहाला नाही कसं म्हणणार!

ही गोष्ट भाषणातून सांगतात तेव्हा सगळ्या टाळ्या खडखड्यालाच पडतात. मला आपला पुढचा दिवस दिसतो. खडखडा निघून गेलाय, रस्ता तोच, माणसं तीच, आणि गंगारामांना पहाटे उठून पुन्हा चूल पेटवायचीय, दूध तापवायचंय, कपबश्या विसळायच्यात. हे राजाला करता येत नाही. १९२२ साली महाराज गेले. १९२५ साली त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं, ते ह्याच चहावाल्याच्या पुढाकारानं. संस्थानातल्या धनवंतांच्या आधी.

अशी रोज चूल पेटवणारी माणसं दूरदेशीही आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांच्या बार्बेक्यूची दुकानं आहेत, लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर डुकराचं मांस शिजवणारी. आर्कान्सातल्या मॅरियाना गावात जोन्स कुटुंबाचं असंच एक आहे. पिढ्यानपिढ्या तोच धूर, तोच पांढरा पाव, त्यावर बारीक चिरलेलं मांस. माल संपला की दुकान बंद. २०१२ साली त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तिकडच्या खाद्यजगातला सगळ्यात मानाचा. २०२१ मध्ये दुकानाला आग लागली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि त्याच वर्षी ते पुन्हा सुरू झालं. पाटीवर आडनाव होतं: जोन्स.

त्याच दक्षिणेत, बर्मिंगहॅममध्ये, ‘ऑलीज बार्बेक्यू’ हे गोऱ्या मालकाचं हॉटेल होतं. काम करणारे बहुतेक काळे, बसून खाणारे फक्त गोरे. काळ्या गिऱ्हाइकानं पुडकं घ्यावं आणि चालू लागावं. १९६४ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानं हॉटेलांची दारं १९५० सालीच सगळ्यांना उघडली होती. तरी मराठवाड्यातल्या किती छपरांखाली कोपऱ्यात वेगळी कपबशी खोचलेली असायची, ते आमच्या वडीलधाऱ्यांना विचारा. चहा पिऊन ती आपली आपण विसळून ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांएवढेच.

निखारा आमच्याकडेही होता. दोरीवर वाळत घातलेल्या चान्या, मांसाच्या त्या लांब पट्ट्या, कडक झाल्या की डब्यात जायच्या. पावसाळ्यात काम नसलं की आजी एकेक काढून इस्तवावर टाकायची. कडा वळायच्या, चरबीचा थेंब पडून भपकन जाळ व्हायचा. ती चिमट्यानं उलटायची, राख फुंकायची आणि भाकरीवर ठेवायची. वास घराबाहेर जाऊ नये म्हणून दार ओढून घ्यायची. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ लिहून हे सगळं पुस्तकात आणलं, तेव्हा ते ओढलेलं दार उघडलं खरं. पण पुस्तकातनं ताटात, आणि ताटातनं हॉटेलाच्या दरपत्रकावर यायला आणखी किती वेळ लागेल कोण जाणे. जोन्सांच्या धुराला पुरस्कार आणि आजीच्या धुराला बंद दार, हा फरक काही चवीचा नाही.

परवा स्टँडजवळ आमच्या वस्तीतल्या एका पोरानं आम्लेटचा गाडा लावला. हात चांगलाय, कांदा बारीक चिरतो, तेलात काटकसर करत नाही. गाडा अजून बिनपाटीचा. मी म्हटलं, आडनाव घाल की, लाजतोस कशाला. गंगारामांची गोष्टही सांगितली, जरा रंगवूनच.

त्यानं अंडं फोडलं, टरफल डब्यात टाकलं.

“लाजतो कोण सर? नाव टाकतोच. पण तुमच्या त्या गंगारामाकडं राजा यायचा. माझ्याकडं तुमीच येता, अन् तुमची मागल्या आठवड्याची उधारी बाकीय. ती द्या, म्हंजे पेंटरला बोलावतो.”