मस्कतमध्ये भेटली वसई!

गुरुवार, दुपारची वेळ. शेवटचा तास संपला आणि स्टाफरूममध्ये एकच प्रश्न, ‘मस्कत?’ ओमानमध्ये वीकएन्ड शुक्रवार-शनिवारचा. (2013 पर्यंत तर तो गुरुवार-शुक्रवार होता!) रविवारी सकाळी खडू हातात घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, हे सोमवारच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना नाही कळायचं.

मी मूळची वटारची. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरायचं, रिक्षा पकडायची. टॉवर संपून केळीच्या, पानवेलीच्या वाड्या सुरू झाल्या की आलंच आमचं गाव. 2018 मध्ये निझवाच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेले. विरार लोकलमध्ये एका पायावर उभं राहायची सवय असलेल्या मुलीला तिथला रिकामा रस्ता म्हणजे स्वर्गच! पण निझवा डोंगरातलं शांत गाव. किल्ला मस्त, खजुराच्या बागा सही, पण रात्री करायचं काय? म्हणून महिन्यातून एकदा मस्कत. आम्ही चौघी : एक केरळची, एक मनिलाची, एक केपटाऊनची आणि मी. लायसन्स एकटीकडे, सूचना तिघींच्या.

त्याच सकाळी दादाचा फोन आला होता. ‘अगं, बावखल बुजवून टाकतोय. गाडी लावायला जागा होईल. तुझी काही हरकत नाही ना?’ मी दोन तासांच्या मध्ये होते. ‘ओके’ म्हटलं आणि वर्गात शिरले.

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरीला पुरतं, आणि मग केळी, भाजी, फुलं. वसईत अशी बावखलं वाडीवाडीत होती. आता त्यातल्या कितीतरींवर इमारती उभ्या आहेत.

निझवा ते मस्कत साधारण 160 किलोमीटर. गाणी, चिप्स घालून गुंडाळलेला पराठा आणि करक चहा एवढ्यावर दोन तास कसे जातात, कळत नाही. संध्याकाळी मुत्राह सूकमध्ये लोबान, चांदी आणि पश्मिन्याच्या गर्दीत मनिलावाली हरवली. सापडली तेव्हा ती हिंदीत घासाघीस करत होती! मुत्राहमध्ये हिंदीवर आरामात निभावतं. वसईच्या कोळणीसमोर तयार झालेल्या मला तर तिथे माहेरी आल्यासारखंच वाटलं.

शुक्रवारी जुन्या मस्कतला गेलो. मधे सुलतानांचा निळा-सोनेरी अल आलम राजवाडा आणि दोन्ही बाजूंच्या खडकांवर दोन किल्ले, अल मिरानी आणि अल जलाली. दोन्ही पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून काढलेले. आम्ही बाहेरूनच पाहिले. पण ती जाड भिंत, खाली समुद्र, वर बुरूज... अरे, हे तर आपलंच! शाळेची सहल, वसईचा किल्ला, डब्यातली पोळी-भाजी, सगळं एकदम आठवलं.

दुपारनंतर कॉलेजातले एक ओमानी सर कॉर्निशवर भेटले. मी लगेच कॉलर ताठ केली. ‘आमच्या वसईतही पोर्तुगीज होते. 1534 पासून. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना हाकललं!’

सर शांतपणे म्हणाले, ‘आम्ही 1650 मध्ये.’

एक-शून्य! मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे : 1674 मध्ये मस्कतचे सहाशे अरब वसईला उतरले आणि कोटाबाहेरची चर्चेस लुटून गेले. सर आधी गोंधळले, मग खो खो हसले. ‘पूर्वजांच्या वतीनं सॉरी,’ म्हणत त्यांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. साडेतीनशे वर्षांची उधारी पाच चहात मिटली!

मग त्यांनी सहज विचारलं, ‘आता काय उरलंय तिथे?’

‘वाड्या आहेत,’ मी म्हटलं. ‘केळी, फुलं, पानं. विहिरी. बावखल...’ आणि शब्द तिथेच अडकला.

सर त्यांच्या निझवाजवळच्या बागेबद्दल सांगू लागले. तिथे फलज असतो. डोंगरातलं पाणी पाटानं गावात येतं आणि प्रत्येक घराला त्याची ठरलेली पाळी. ही पाळी जमिनीसारखीच मालकीची. त्यांचे भाऊ मस्कतच्या फ्लॅटमध्ये राहतात, बागेत वर्षातून दोनदा जातात, पण पाण्याचा वाटा अजून विकलेला नाही. ‘पाणी विकलं तर परत कुठे जाणार?’ ते म्हणाले. उपदेशाच्या सुरात नाही, भाव सांगावा तसं.

रात्री गच्चीवरून दादाला फोन लावला. म्हटलं, थांब.

‘जेसीबी सोमवारी येतोय,’ तो म्हणाला. ‘तू तिथे बसून सांगणार. इथे मच्छर आम्हाला चावतात, गाडी रस्त्यावर आमची उभी असते.’

चूक नव्हतं त्याचं. भांडलो. मग तो म्हणाला, ‘बघतो.’

शनिवारी सकाळी सुलतान काबूस ग्रँड मशीद पाहिली. (गेलात तर लक्षात ठेवा : बिगरमुस्लिमांना सकाळी 8 ते 11, शुक्रवार सोडून. मुलींनी डोकं, हात, पाय झाकलेले हवेत.) संगमरवरी अंगणात सगळ्याजणी फोटो काढत होत्या. मी मोबाइलकडे बघत होते.

आता मी परत वटारमध्ये आहे आणि पुन्हा विरार लोकलमध्ये. दादानं बावखल अर्धीच बुजवली. अर्ध्यात त्याची गाडी उभी असते, अर्ध्यात पाणी. पावसाळ्यात बेडूक इतके ओरडतात की फोनवर बोलता येत नाही. केपटाऊनवाली परवा विचारत होती, ‘हा कसला आवाज?’

म्हटलं, ‘आमच्या पाण्याची पाळी.’