गिलिनॉरला अनावृत पत्र

प्रिय गिलिनॉर,



तुझ्याकडे नव्याने आलेल्या बहुतेकांचं पहिलं काम स्वयंपाकघरातलं असतं. लम्ब्रिजच्या किल्ल्यात ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय, आणि आचाऱ्याकडे ना अंडं आहे, ना दूध, ना पीठ. दुसऱ्या काल्पनिक दुनियांत पाऊल ठेवताच आपल्याला सांगितलं जातं की शेकडो वर्षं सगळे तुझीच वाट बघत होते. तू हातात बादली देतंस आणि गाईकडे पाठवतंस. पिठासाठी आधी शेतातला गहू तोडायचा. मग गिरणीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर चढून तो दळणाच्या पेटीत टाकायचा, दांडा ओढायचा, तळमजल्यावर उतरायचं आणि खाली साठलेलं पीठ भांड्यात भरायचं. एका केकसाठी एवढा खटाटोप! पण त्या पंधरा-वीस मिनिटांत तू कसलं जग आहेस, ते माणसाला कळून चुकतं.

पत्र अनावृत आहे, म्हणून ज्यांची तुझी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रुनस्केप नावाच्या ऑनलाइन खेळातली भूमी म्हणजे तू. अँड्र्यू गोवर आणि त्याचा भाऊ पॉल यांनी इंग्लंडमध्ये तुला घडवलं आणि ४ जानेवारी २००१ रोजी तुझी दारं उघडली. सीडी विकत घ्यावी लागत नव्हती, भारी ग्राफिक्स कार्ड लागत नव्हतं. ब्राउझरमध्ये जावा चालत असलं की तू चालत होतंस. आमच्याकडच्या सायबर कॅफेतल्या दमलेल्या कॉम्प्युटरवर तू उघडायचंस ते यामुळेच. आणखी एक गोष्ट आमच्या कामी आली. तुझं घड्याळ ०.६ सेकंदांच्या ठोक्याने पुढे सरकतं. चालणं, वार करणं, कुऱ्हाड मारणं, सगळं त्या ठोक्यावर. निशाणेबाजीच्या खेळात सर्व्हर युरोपात असल्यामुळे आम्ही हमखास मरायचो, पण तेवढ्याच अंतरावरून तुझ्या रानात आम्ही इतरांच्या बरोबरीने वावरू शकत होतो. हे तू मुद्दाम केलंस असं नाही, पण संथ इंटरनेटवाल्या देशांना तुझ्या संथपणामुळे जागा मिळाली.

आता मनातलं सांगतो. मला तुझी सर्वांत मोठी थोरवी वाटते ती अशी की तुझ्याकडे जन्मावरून धंदा ठरत नाही. १९९९च्या एव्हरक्वेस्टमध्ये किंवा २००४च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीलाच वंश आणि वर्ग निवडावा लागतो. एकदा योद्धा म्हटलं की ते पात्र योद्धाच, जादूगार व्हायचं तर नवा जन्म घ्या. तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण साधा माणूस. त्याने सकाळी मासे धरावेत, दुपारी खाणीत उतरावं, संध्याकाळी भट्टीवर पोलाद वितळवावं. कोळी, लोहार, सुतार, सोनार ही आमच्या गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जन्माने चिकटलेली कामं. कुणी कुठलं काम करावं आणि कुणी कुठे पाणी भरावं, इथपर्यंत हे बंधन पोचलेलं. त्या समाजातून आलेल्या मुलाला तुझी कौशल्यांची यादी बघताना काय वाटलं असेल, याचा विचार कर. सगळ्यांचं प्रत्येक काम एकाच पायरीवरून सुरू होतं. (तब्येतीचे गुण तेवढे दहापासून.) हातोडा कुणीही उचलावा.

आणि उचलल्यावर त्याची किंमतही सगळ्यांना सारखीच. दुसऱ्या पायरीला ८३ एक्स्पी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात, नव्याण्णवाव्याला १,३०,३४,४३१. हे कोष्टक इतकं उभं चढत जातं की ब्याण्णवाव्या पायरीवर पोचलेल्याचा जेमतेम अर्धा रस्ता झालेला असतो. ड्रेनॉर गावात बँकेच्या दक्षिणेला, पाण्याच्या कडेने वाळुंजाची झाडं आहेत. वाळुंजाच्या एका ओंडक्याला साडेसदुसष्ट एक्स्पी. नुसती हीच झाडं तोडून नव्याण्णव गाठायचं म्हटलं तर १,९३,०००च्या वर ओंडके तोडावे लागतील, आणि थैलीत एका वेळी मावतात अठ्ठावीस. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. त्याला ती वाळुंजाखालची गर्दी दिसत नाही. आठ-दहा जण एकाच झाडाभोवती कुऱ्हाडी चालवतायत, कुणाच्या डोक्यावर पिवळी अक्षरं लाटेसारखी हलतायत, कुणी फिनलंडचा, कुणी ब्राझीलचा, कुणी आमच्यासारखा मोडक्या इंग्रजीत टाईप करणारा. हात कामात गुंतलेले असले की माणसं बोलतात. माझं बरंचसं इंग्रजी या झाडांखाली सुधारलं, आणि ते कुणी न हसता सुधारून घेतलं.

शेवंडांचंही तसंच. करामजा बेटाच्या धक्क्यावर शेवंड धरायला मासेमारीची चाळिसावी पायरी लागते. पोर्ट सरीमहून जहाजाचं भाडं तीस नाणी. धक्क्याजवळ बँक नाही. पिंजरा टाकून थैली भरली की पुन्हा तीस नाणी मोजायची, जहाजाने परत यायचं, ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत चालत जायचं, शेवंड ठेवायचे आणि पुन्हा धक्का गाठायचा. चांगल्या भाजलेल्या शेवंडाने बारा गुणांची जखम भरते, म्हणून लढायला जाणारे ते हवे तेवढे विकत घेत. वॅरॉकच्या बँकेसमोर उभं राहून ओरडून माल विकायचा. देवघेवीची खिडकी उघडली की दोघांचा माल समोरासमोर दिसे, आणि एकदा मान्य केल्यावर पुन्हा दुसरी खिडकी येऊन विचारे, नक्की का? ही दुसरी खिडकी फसवणुकीवरचा उपाय होती. चिलखताला फुकट सोनेरी कड लावून देतो म्हणणारे भामटे तुझ्या रस्त्यारस्त्यावर होते. माल घेतला की पसार. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला व्यवहार म्हणजे काय, भाव पडतो म्हणजे काय, गोड बोलणाऱ्यापासून सावध का राहायचं, हे तुझ्याइतकं चांगलं शिकवणारं दुसरं ठिकाण मी पाहिलेलं नाही.

पण या कष्टाला भाव आला आणि त्याच्यामागे बाहेरचा पैसाही आला. तुझं सोनं खऱ्या पैशांत विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा तुझ्या चालकांनी डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये जालीम उपाय केला. मोकळी देवघेव बंद. उत्तरेकडच्या वाइल्डरनेस नावाच्या ओसाड मुलखातली खेळाडू-खेळाडूंमधली लढाई बंद. ज्या मुलखात पाऊल ठेवताना छाती धडधडायची, कारण मेलात तर तीन वस्तू सोडून सगळं जायचं, तो मुलूख एका रात्रीत मिळमिळीत झाला. मित्राला भेट म्हणून काही द्यायचं तरी मर्यादा आली. चोर पकडण्यासाठी गावाचा बाजार उठवण्याचा हा प्रकार होता, आणि मला तो आजही चुकीचा वाटतो. २०११ मध्ये खेळाडूंचा कौल घेऊन दोन्ही गोष्टी परत आणल्या गेल्या. मग २०१२ आलं. फेब्रुवारीत रोज फिरवायचं नशिबाचं चक्र आलं आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जादा फेऱ्या खऱ्या पैशांत विकायला निघाल्या. चक्रातून एक्स्पी निघे. वाळुंजाखाली उभं राहून मिळवायची गोष्ट कार्डावर मिळू लागली. नोव्हेंबरात लढाईची सगळी पद्धतच पालटली. माणसं भराभर निघून गेली, आणि ती का गेली याबद्दल मला तरी काही शंका नाही.

यानंतर तुझ्या बाबतीत जे घडलं, ते या पत्राचं खरं कारण आहे. चालकांकडे ऑगस्ट २००७ची एक जुनी प्रत जपून ठेवलेली निघाली. ती पुन्हा सुरू करायची का, असा प्रश्न २०१३ मध्ये खेळाडूंना विचारला गेला, आणि साडेचार लाखांच्या जवळपास मतं पडली. २२ फेब्रुवारी २०१३ला ओल्ड स्कूल रुनस्केप म्हणून तू पुन्हा उभं राहिलंस. जुनं परत मिळालं यात मोठं काही नाही, गतकाळाचा उमाळा सगळ्यांनाच येतो. मोठी आहे ती त्याबरोबर आलेली अट. यापुढे तुझ्यात काही नवं घालायचं तर आधी वर्गणी भरणाऱ्या सभासदांचं मत घ्यायचं, आणि शंभरातल्या पंचाहत्तरांनी होय म्हटलं तरच ते घालायचं. २०२२ मध्ये हा आकडा सत्तरवर आणला. मतदानाचे कक्ष बँकांतच आहेत. ओंडके ठेवायला जावं आणि जाता जाता तुझ्या भविष्यावर शिक्का मारून यावं!

हा देखावा नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वॉर्डिंग नावाचं नवं कौशल्य २०१९ मध्ये मांडलं गेलं. त्यावर कितीतरी मेहनत झालेली होती, बहुमत बाजूनेही होतं, पण पंचाहत्तरचा उंबरठा ओलांडता आला नाही. ते बासनात गेलं. नौकानयनाची कल्पना तर सुरुवातीला एप्रिल फूलची थट्टा होती, एकदा मतदानात पडलीही. २०२३ मध्ये तीन पर्यायांतून तीच निवडली गेली, टप्प्याटप्प्याने लोकांना दाखवत, विचारत, दुरुस्त करत बांधली गेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तुझं चोविसावं कौशल्य म्हणून समुद्रात उतरली. ओल्ड स्कूल सुरू झाल्यापासूनचं हे पहिलंच नवं कौशल्य. त्याच वर्षी एकाच वेळी तुझ्यात वावरणाऱ्यांचा आकडा दोन लाखांच्या पार गेला होता. चोवीस वर्षांच्या खेळाला हे भाग्य सहसा लाभत नाही. विचारून वागलं म्हणून लाभलं, असं माझं ठाम मत आहे.

तरी सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. २०१५पासून तुझ्यात बाँड आहेत. एकाने खऱ्या पैशांत बाँड घ्यायचा, बाजारात सोन्याला विकायचा. दुसऱ्याने तो सोन्याने घेऊन आपली वर्गणी भागवायची. गरिबाला सभासदत्व मिळण्याची ही सोय चांगली आहे, हे मान्य. पण ज्याच्याकडे आयतं सोनं आलं त्याला हाडं, लाकूड, औषधी वनस्पती हव्या तितक्या विकत घेता येतात, आणि बांधकामासारखी काही कौशल्यं मग सोन्याच्याच जोरावर वर जातात. चक्रासारखा उघड प्रकार नसला, तरी ही फट आहेच.

आणि व्हेनेझुएला. त्या देशात चलनाची पार माती झाली तेव्हा तिथली कितीतरी माणसं तुझ्या ओसाड मुलखात हिरवे ड्रॅगन मारून हाडं आणि कातडी गोळा करू लागली, कारण तुझं सोनं विकून मिळणारे डॉलर त्यांच्या पगारापेक्षा घराला जास्त आधार देत होते. तुझ्या नियमांत ते बसत नाही. त्यांना हुडकून मारण्याच्या युक्त्या इतर खेळाडू एकमेकांना सांगत होते, त्याची मात्र मला लाज वाटते. सोनं विकणं बंद झालं पाहिजे, हे मी मानतो. पण घरात भाकरी यावी म्हणून तुझ्याकडे राबणारा माणूस आणि हजारो यांत्रिक खाती चालवणारा व्यापारी यांना एकाच मापाने मोजू नये.

सोन्याच्या या खरेदी-विक्रीला खेळाडूंनीच एक उत्तर शोधलं. कुणाकडून काही घ्यायचं नाही, काही विकत आणायचं नाही, धनुष्याची दोरीसुद्धा स्वतः वळायची, असं ठरवून काही जण खेळू लागले. २०१४ मध्ये चालकांनी त्याला आयर्नमॅन म्हणून रीतसर मान्यता दिली, आणि आता असंख्य लोक तसंच खेळतात. लवकर पुढे जायची वाट उपलब्ध असताना माणसं आपण होऊन लांबची वाट धरतात. तुझ्याकडे लोक काय मागायला येतात, ते यावरून तुझ्या मालकांनी ओळखावं.

मालक म्हटलं, कारण ते बदलत असतात. ज्या जॅजेक्स कंपनीकडे तू आहेस ती २०१६ मध्ये चिनी हातांत गेली, २०२१ मध्ये कार्लाइल या गुंतवणूक कंपनीकडे आली, २०२४ मध्ये सीव्हीसीकडे. गुंतवणूकदार पैसे लावतात ते वाढवून परत घेण्यासाठी, यात पाप नाही. वर्गणी वाढवायची तर वाढवा, तिचा हिशेब समोर मांडा. पण दोन गोष्टींना कुणी हात लावू नये. एक्स्पी विकायला काढू नये आणि बँकेतले मतदानाचे कक्ष हलवू नयेत. सत्तरचा आकडा आणखी खाली आणायचा प्रस्ताव कधी समोर आला, तर माझं मत ‘नाही’ असंच असेल. तुझ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, प्रश्न कितीही किरकोळ वाटला तरी मत देऊन या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
एक जुना लाकूडतोड्या