वन्स मोअर

माझ्या मेजाच्या खणात साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे. तिच्यावरील चिठ्ठीची निळी शाई आता पुसट झाली असली, तरी माझ्या आजोबांच्या हस्ताक्षरातील 'नारायणराव' हा एक शब्द अद्याप वाचता येतो. पुढे आडनाव लिहिण्याची त्यांना गरज भासली नव्हती. मिरजेच्या आमच्या घरात नारायणराव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्या घरात दुसरा कोणी नारायणराव संभवतच नव्हता.

आजोबांनी त्यांना रंगभूमीवर पाहिले होते. 'ऐकले' असे ते कधी म्हणत नसत. 'पाहिले' असेच म्हणत. वडिलांच्या वाट्याला रंगभूमी आली नाही, तबकड्या आल्या. 1975 साली ते नोकरीनिमित्त दुबईस आले, तेव्हा त्या लाखेच्या जड आणि ठिसूळ तबकड्या बरोबर आणणे अशक्यच होते. म्हणून चार-पाच वर्षांनी रजेवर गेले असता त्यांनी येथून नेलेल्या टेपरेकॉर्डरवर त्या भरून घेतल्या. प्रत्येक तबकडीपूर्वी आजोबा नाटकाचे नाव सांगत, रागाचे नाव सांगत आणि मग सुई टेकवीत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. ते संपले की आजोबांच्या तोंडून 'हं' असा एक तृप्त हुंकार निघे. तो हुंकारही फितीवर आला होता. मी पुढे 1981 साली दुबईतच जन्मलो आणि मला कळू लागण्यापूर्वीच आजोबा गेले. मला त्यांचा आवाज ठाऊक होता तो त्या फितीतला, एवढाच.

त्या काळी येथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची असे. करामातील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दुपारचे जेवण आटोपले की अण्णा ती कॅसेट लावीत आणि डोळे मिटून बसत. मला ते गाणे मुळीच आवडत नसे. सुईची खरखर, आर्गनचा तो नाकातला सूर आणि एकाच शब्दाभोवती फिरत राहणारा गळा यांत अण्णांना काय सापडते, हे मला कोडेच होते.

आता मी जे सांगणार आहे, ते इतकी वर्षे मी कोणापाशी बोललो नाही. 22 एप्रिल 1998 रोजी शारजाच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना होता. भारताची फलंदाजी चालू असता वाळूचे वादळ उठले आणि खेळ थांबला. तो पुन्हा सुरू होताना सचिन तेंडुलकर काही विलक्षण करणार, अशी माझी बालंबाल खात्री झाली. दूरदर्शन संचावरील धावते वर्णन टिपून ठेवावे असे मनात आले. घरात कोरी कॅसेट नव्हती. हाताशी आली ती ही. अण्णांनी तिच्या पाठीवरील प्लास्टिकच्या दोन्ही चिपा मोडून टाकल्या होत्या. तसे केले म्हणजे त्या फितीवर चुकूनही दुसरे काही मुद्रित होत नाही. मी त्या खाचांत कागदाच्या घड्या घालून त्या बुजविल्या. सांगण्याचा मुद्दा हा, की मी चुकलो नाही. मी जाणूनबुजून केले. सतरा वर्षांच्या मुलाला खाच कशासाठी असते हे पुरते ठाऊक होते.

सचिनने त्या दिवशी 143 धावा केल्या. सामना आपण हरलो, तरी अंतिम सामन्यात पोहोचलो आणि 24 तारखेला, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने 134 धावा करून तो जिंकून दिला. फितीची एक संपूर्ण बाजू आणि दुसरीतील अठरा-एकोणीस मिनिटे माझ्या त्या उत्साहात खर्ची पडली. अखेरच्या तीन तबकड्या तेवढ्या वाचल्या.

सामन्यांची धामधूम ओसरल्यावर एका शुक्रवारी अण्णांनी नेहमीप्रमाणे कॅसेट लावली. इंग्रजी धावते वर्णन सुरू झाले. ते थोडा वेळ तसेच ऐकत राहिले. मग त्यांनी कळ दाबली, कॅसेट डबीत घातली, डबी कपाटात ठेवली आणि आईला विचारले, "चहा झाला का?" मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्यानंतर मात्र आमच्या घरी शुक्रवारचे गाणे झाले नाही.

बालगंधर्वांकडे पुष्कळ लोक भक्तीने जातात. मी अपराध्यासारखा गेलो. येथेच शिकून येथेच शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागलो, आणि मिळकतीतून प्रथम त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे संच जमविले. 2011 साली त्यांच्या जीवनावरील चित्रपट आला, आनंद भाटे यांच्या गळ्यातून ती पदे नव्या पिढीच्या कानी पडली, आणि आज तर कोणतेही पद खिशातील फोनवर क्षणार्धात सापडते. गेला तो आजोबांचा आवाज. तो कोठल्याही संचात मिळणार नव्हता. परंतु शोध आवाजाचा करता करता मी गाण्यात केव्हा गुंतलो, हे माझे मलाच समजले नाही. नव्याने दीक्षा घेतलेल्या मनुष्याचा उत्साह फार उपद्रवी असतो. मी तो उपद्रव आपल्या संस्थेच्या बालवर्गाला दिला.

त्या वर्गात मराठी मुले थोडी. बाकीची मल्याळी, तमिळ, सिंधी, गुजराती. एका शनिवारी मी त्यांच्यापुढे सुमारे अर्धा तास इंग्रजीतून बोललो. 1888 सालचा जन्म सांगितला. 1905 सालचा किर्लोस्कर नाटक मंडळीतील प्रवेश सांगितला. 'मानापमाना'चा पहिला प्रयोग 1911 साली झाला त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली, तरी ते रंगभूमीवर उभे राहिले, हेही सांगितले. 1913 साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी, 1916 सालचे खाडिलकरांचे 'स्वयंवर', त्याला भास्करबुवा बखल्यांचे संगीत, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष: काही म्हणून सोडले नाही. मग रुक्मिणीचे पद लावले. खरखर सुरू होताच दोन-तीन चेहरे आक्रसले. एका मुलाने विचारले, "सर, ही बाई कोण?" ही बाई नसून पुरुष आहे, असे सांगताच सगळा वर्ग हसू लागला. मी रागावलो. तास तेथेच संपला.

घरी येताना त्या मुलांच्या अरसिकतेवर मी मनातल्या मनात एक लहानसे भाषण केले. खरे म्हणजे करामातील त्या खोलीत मी तरी याहून काय वेगळे करीत होतो?

माझे डोळे उघडले ते एका मिसरी सहकाऱ्यामुळे. ते आमच्या शाळेत अरबी शिकवितात आणि आम्ही त्यांना उस्ताझ म्हणतो. आपल्या थिरकवांना आपण लावतो तोच हा शब्द, फक्त शेवटचे अक्षर त्यांच्या उच्चाराने निराळे. दुबईहून शारजाला जाणाऱ्या रस्त्यावर सायंकाळी वाहनांची जी दाटी होते, ती येथल्या वाचकांना सांगावयास नकोच. एकदा त्या दाटीत त्यांच्या मोटारीत अडकलो असता त्यांनी उम्म कुलसूम यांचे गाणे लावले. हे कोण, केव्हाचे, कशासाठी, काही सांगितले नाही. केवळ मधून मधून ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत. गायिका एकच ओळ गाई, श्रोत्यांत एक गर्जना उठे, ती तीच ओळ पुन्हा गाई आणि दर वेळी ती निराळीच वाटे. अखेर न राहवून मी विचारले, लोक काय ओरडत आहेत? ते म्हणाले, "पुन्हा म्हण, म्हणताहेत."

मी आसनावरून जवळजवळ उठलोच. हा तर आपला 'वन्स मोअर'! गंधर्व मंडळीच्या रात्री रात्री लांबत ते ह्याच हाकेमुळे. तबकडीत तीन मिनिटांत कोंबलेले पद रंगभूमीवर किती पसरत असे, याची कल्पना मला आजोबांच्या पिढीने दिली नव्हती. ती कैरोच्या श्रोत्यांनी दिली. पुढे मी शोधले तेव्हा समजले की दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उम्म कुलसूम यांची मैफल कैरोच्या आकाशवाणीवरून प्रक्षेपित होई आणि सारे अरब जगत ऐकत बसे. 1971 च्या नोव्हेंबरात, संयुक्त अमिराती स्थापन होण्यास थोडेच दिवस उरले असताना, त्या अबू धाबीत येऊन गायल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर मी रुक्मिणीचे पद लावले. या खेपेस मीही काही बोललो नाही. उस्ताझांना मराठीचा गंधही नाही. पहिली मिनिटभर ते रस्त्याकडे पाहत होते. मग एका तानेच्या शेवटी स्वर सावकाश खाली उतरला, तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत 'अल्लाह!' असा उद्गार निघाला. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "ही बाई कोण?"

तोच प्रश्न! मी भीतभीत सांगितले, की हा पुरुष; त्या काळी आमच्याकडे स्त्रीभूमिका पुरुष करीत. ते हसले नाहीत. ते म्हणाले, उम्म कुलसूम लहान असताना त्यांचे वडील त्यांना मुलाचा पोशाख घालून आपल्या ताफ्यात गावोगाव गावयास नेत. मुलीने चारचौघांत गाणे तेव्हा शोभत नसे. एवढे सांगून त्यांनी बोटाने खूण केली: पुन्हा लावा.

आणि त्या दुसऱ्या खेपेस मला ते पद प्रथमच ऐकू आले. मी ते शेकडो वेळा ऐकले होते. तानेपूर्वी बालगंधर्व निमिषभर थांबतात, एखादा मनुष्य उंबऱ्यावर थबकावा तसे, ही गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. ती मला उस्ताझांच्या चेहऱ्यावर दिसली. त्या क्षणी त्यांचाही श्वास थांबला होता. आवडते गाणे दुसऱ्यास ऐकविण्यात आपण त्याला काही देतो असे मला वाटत असे. हिशेब अगदी उलटा निघाला. मला माहितीची सवय झाली होती, त्यांना माहिती नव्हती; म्हणून त्यांना गाणे ऐकू आले, आणि त्यांच्या मागोमाग मला.

पुढच्या शनिवारी वर्गात गेलो तो एकच वाक्य बोललो. "तीन मिनिटांचे गाणे आहे, ऐका." अवघड गेले, कबूल करतो, शिक्षकाला गप्प बसण्याइतके कष्टाचे काम दुसरे नाही. दोन मुले शेवटपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती, तीही गोष्ट खरी. परंतु पद अर्ध्यावर आले नाही तोच कर्नाटक संगीत शिकणारी एक मुलगी अस्वस्थ झाली. तिची बोटे मांडीवर चालू लागली. पद संपताच ती म्हणाली, "सर, हा कल्याणी आहे!" आपण ज्याला यमन म्हणतो, त्याला दक्षिणेत कल्याणी म्हणतात. तिने लगेच आरोह-अवरोह गाऊन दाखविला आणि त्या तीव्र मध्यमावर येताच माझ्या अंगावर काटा आला. मागल्या खेपेस 'ही बाई कोण' म्हणून विचारणारा मुलगा म्हणाला, "सर, पुन्हा लावा ना." अशा वेळी काय ओरडायचे असते ते मी त्यांना शिकविले. त्यांनी ते इतक्या जोराने म्हटले, की शेजारच्या खोलीतील भजनवर्गाच्या बाईंनी दार उघडून पाहिले.

हा वृत्तांत घरी सांगितला तेव्हा अण्णांनी फक्त मान हलविली. पंचाहत्तरी उलटलेले अण्णा आता माझ्याजवळच राहतात. आई गेल्यापासून त्यांचे बोलणे आणखीच कमी झाले आहे. काही दिवसांनी उस्ताझ घरी चहाला आले. गप्पांच्या ओघात अण्णा उठले, आपल्या कपाटातून त्यांनी ती कॅसेट काढली आणि माझ्या हाती दिली. इतक्या वर्षांत आमच्यामध्ये तिचा उच्चार झाला नव्हता. जुना टेपरेकॉर्डर मी दुरुस्त करून घेतलेला होता. मी दुसरी बाजू लावून फीत शेवटच्या तबकड्यांपर्यंत पुढे सरकविली.

आजोबांचा आवाज आला: "स्वयंवर. यमन." मग सुई टेकल्याचा आवाज, मग पद. उस्ताझ पुढे वाकून ऐकत होते. पद संपले आणि तो हुंकार आला. उस्ताझांनी झटकन वर पाहिले. आमच्याकडे ह्याला तरब म्हणतात, असे ते म्हणाले. गाण्याने मनुष्य भारून जातो ती अवस्था. हे कोण? मी म्हणालो, "माझे आजोबा." अण्णांनी डोळे मिटले होते. ते न उघडताच ते म्हणाले, "वन्स मोअर."

तीनही तबकड्या दोनदा झाल्या. मग अण्णा म्हणाले, "आता पहिली बाजू लाव."

माझ्या पोटात गोळा उठला. "अण्णा, त्या बाजूला..."

"ठाऊक आहे मला. लाव."

मी कॅसेट उलटी करून लावली. गर्दीचा कल्लोळ आणि इंग्रजी धावते वर्णन सुरू झाले. उस्ताझ गोंधळून आम्हां दोघांकडे पाहू लागले. क्रिकेट हा काय प्रकार आहे, हे त्यांना मुळीच ठाऊक नाही. अण्णा आपली खुर्ची त्यांच्याजवळ सरकवून बसले आणि बाजारात शिकलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत, हातांनी वाळू उडवून दाखवीत, त्यांना ते वादळ समजावून सांगू लागले.