गाठ बसेपर्यंत

भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर ताण्याची तार तुटली की विणकर माग थांबवतो. मागचं टोक शोधायचं, त्याला सुताचा तुकडा जोडायचा, वहीतून (तारा वरखाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीच्या नेमक्या घरातून तो पुढे ओढायचा, की माग पुन्हा चालू. यातलं सगळ्यात नाजूक काम गाठीचं. दोन्ही टोकं एकमेकांवर आडवी धरून अंगठ्याखाली दाबायची, दुसऱ्या हाताने फास फिरवायचा, टोक आत सरकवायचं आणि खेचायचं. गाठ बारीक बसली तर फणीतून सहज निघून जाते. जाड झाली तर अडते, पुन्हा तुटते, कधी शेजारच्या तारांनाही घेऊन जाते.

एका कारखान्यात एक वयस्क कारागीर, चाचा, नव्या पोराला शिकवत होते. चाचांनी त्याला मागावर उभंच केलं नाही. टाकाऊ सूत हातात दिलं आणि फक्त गाठ मारायला लावली. बांधलेली प्रत्येक गाठ ते ओढून बघत, सुटली की सूत परत त्याच्या हातात. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून पोराचा अंगठा धरून त्याची जागा बदलून दाखवत. मला हे शिकवणं फार मोलाचं वाटतं. सगळं काम एकदम अंगावर न टाकता, हात जिथे अडतो तेवढीच जागा त्यांनी सुटी काढली होती.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांच्या सरावावर शोधनिबंध लिहिला. त्यातून लोकांनी दहा हजार तासांच्या सरावाचा आकडा तेवढा उचलला. पण त्याच निबंधात काम आणि सराव यांत स्पष्ट फरक केलेला आहे. कामावर माणूस जमत असलेल्या रीतीनेच वागतो, कारण तिथे चुकायला मुभा नसते. सरावाचे पैसे मात्र लगेच हाती येत नाहीत.

मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वीस वर्षं माग चालवूनही काहींची गाठ जाडच राहते, आणि त्याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. थांबून हात सुधारायचा, तर तेवढं कापड कमी निघतं. शिकाऊ माणसाला सरावाच्या वेळेची मजुरी मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. शिकवणाऱ्यालाही मिळायला हवी. पोराची गाठ बसेपर्यंत चाचांचे स्वतःचे माग बंद होते, आणि त्या मीटरांचे पैसे त्यांना कोणी दिले नसणार.